परीक्षेच्या खोलीतला कृपाचार्य

१

दलित समीक्षेने द्रोणाचार्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, ते योग्यच झाले. एकलव्याचा अंगठा आमच्या कवितेत, नाटकात, भाषणांत इतक्यांदा आला की शिक्षण नाकारणाऱ्या व्यवस्थेचे ते सर्वमान्य प्रतीक बनले. तथापि त्याच महाभारतात आणखी एक आचार्य आहे, आणि त्याच्याकडे आमच्या समीक्षेने पुरेसे लक्ष दिलेले नाही. तो म्हणजे कृपाचार्य.

राजपुत्रांचे शिक्षण पुरे झाल्यावर त्यांचे कौशल्य लोकांपुढे दाखवण्यासाठी रंगमंडप उभारला गेला. आजच्या भाषेत ही परीक्षाच होती. अर्जुनाने आपली विद्या दाखवली. मग कर्ण आला. अर्जुनाने जे जे केले ते ते त्यानेही करून दाखवले आणि द्वंद्वाचे आव्हान दिले. येथपर्यंत कर्णाला कोणी अडवले नाही. अडवले ते द्वंद्वाचे नियम जाणणाऱ्या कृपाने. त्याने एवढेच विचारले : तुझी आई कोण, बाप कोण, कूळ कोणते? कर्णाची मान खाली गेली. पुढे दुर्योधनाने त्याला अंगदेशाचा राजा केले, म्हणजे परीक्षेला बसण्यासाठी कर्णाला राज्य लागले. अर्जुनाला जन्म पुरला.

कृपाने कर्णाचे काही कापून घेतले नाही. त्याला विद्या नाकारली नाही. तो फक्त नियम पाळत होता. जातिव्यवस्थेचे काम करायला दरवेळी क्रूर माणूस लागतोच असे नाही. नियमाचा कागद हातात घेतलेला, एरवी सभ्य असा माणूसही ते काम बिनबोभाट करतो. द्रोण हा शिक्षक आहे, कृप हा पर्यवेक्षक. आमच्या आत्मकथनांनी शिक्षक तपशिलाने रंगवला. ‘बलुतं’ (१९७८), ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९), ‘अक्करमाशी’ (१९८४) या पुस्तकांतून शाळा आणि मास्तर वाचकाला भेटतात, आणि समीक्षेने त्यांची चर्चाही केली. पण परीक्षेच्या खोलीत तीन तास फेऱ्या मारणाऱ्या माणसाची स्वतंत्र चर्चा आम्ही केली नाही. ती करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

परीक्षा, परीक्षक आणि पर्यवेक्षक या तिन्ही शब्दांत ‘ईक्ष्’ हा पाहण्याचा धातू आहे. तिघांचेही काम पाहण्याचेच. पण कोण काय पाहतो, हा खरा प्रश्न आहे. परीक्षक उत्तरपत्रिका पाहतो, विद्यार्थी पाहत नाही. पर्यवेक्षक विद्यार्थी पाहतो, उत्तर तपासत नाही. गुण देणाऱ्याला चेहरा दिसू नये आणि चेहरा पाहणाऱ्याच्या हाती गुण असू नयेत, अशी ही कामाची वाटणी आहे.

ही वाटणी आपोआप झालेली नाही. चीनमध्ये सुंग राजवटीत, म्हणजे सुमारे हजार वर्षांपूर्वी, सरकारी नोकरीच्या परीक्षांत उमेदवाराचे नाव झाकून टाकण्याची पद्धत सुरू झाली. पुढे हस्ताक्षरावरूनही माणूस ओळखता येऊ नये म्हणून कारकुनांकडून उत्तरपत्रिकांची नक्कल करवून ती परीक्षकाकडे पाठवली जाई. उमेदवार कोणाचा कोण, हे कळले की न्याय बिघडतो, याची जाणीव त्या लोकांना होती. आपल्याकडचा बैठक क्रमांक, उत्तरपत्रिकेवरचा बारकोड आणि होलोक्राफ्ट स्टिकर ही त्याच जाणिवेची आजची रूपे आहेत.

दलित विद्यार्थ्याच्या दृष्टीने या क्रमांकाचे मोल फार मोठे आहे. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. पुढच्याच वर्षी मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा झाली. शाळेच्या दारात जात विचारली जात होती, त्या काळात परीक्षेच्या कागदावर मात्र क्रमांक आला. शाळेत पोचणाराच दुर्मीळ, म्हणून त्या क्रमांकाचा फायदा आमच्या पूर्वजांपैकी मोजक्यांनाच झाला. तरीही गावात, शाळेत, पाणवठ्यावर जो नावाने नव्हे तर जातीने ओळखला जाई, तो परीक्षेच्या कागदावर पहिल्यांदा निव्वळ एक आकडा झाला. एरवी माणसाचा आकडा होणे ही अवहेलना असते. आमच्यासाठी ती काही काळ सुटका ठरली. तोंडी परीक्षा, प्रात्यक्षिक आणि अंतर्गत गुण यांच्याबद्दल आमचे विद्यार्थी धास्ती बाळगतात आणि लेखी परीक्षेवर विश्वास टाकतात, त्याचे कारण हेच आहे.

याचा अर्थ परीक्षा हीच शिक्षणाची इतिश्री मानावी असा नव्हे. १९२७ साली मुंबई कायदे मंडळात विद्यापीठ कायद्याच्या दुरुस्तीवर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्पष्ट भूमिका घेतली होती. केवळ परीक्षा घेणारे आणि पदव्या वाटणारे विद्यापीठ आपल्या अस्तित्वाचे समर्थन करू शकत नाही, उच्च शिक्षण गरजू आणि गरीब माणसाच्या दारापर्यंत नेणे हे त्याचे काम आहे, असा त्यांचा आग्रह होता. ते दार अजून पुरते उघडलेले नाही. म्हणूनच जो एक कागद जात न विचारता तपासला जातो, त्याचे राखण करणे भाग आहे. आणि त्या कागदाजवळ विद्यार्थ्याचा चेहरा, नाव, कपडे, भाषा आणि बैठक क्रमांक हे सारे एकत्र पाहणारा माणूस असतो तो पर्यवेक्षक. व्यवस्थेने उभारलेली भिंत त्याच्यापाशी सर्वांत पातळ होते.

३

पर्यवेक्षकाच्या हाती गुण नसतात, मग त्याच्याजवळ असते काय, असे कोणी विचारील. त्याच्याजवळ वेळ असतो, पाणी असते, पुरवणी असते आणि संशय असतो. पुरवणीसाठी वर केलेला हात त्याला केव्हा दिसावा, पाण्यासाठी शिपायाला केव्हा हाक मारावी, कोणाच्या बाकाशी दोन मिनिटे उभे राहावे, हे सारे त्याच्या मर्जीवर असते. दहावी-बारावीच्या परीक्षेत साधारण पंचवीस मुलांचा एक ब्लॉक असतो. या पंचवीस जणांवर त्याची नजर सारखी पडते का, हा माझा प्रश्न आहे.

मी खारदांड्याला राहतो. येथील कोळीवाडा मुंबईच्या जुन्या कोळीवाड्यांपैकी एक. मागे पाली हिल, समोर समुद्र आणि मध्ये दाटीवाटीची वस्ती. फेब्रुवारी-मार्च हे परीक्षेचे दिवस आणि तेच सुक्या बोंबलांचे आणि शिमग्याच्या तयारीचेही. घरातली बाई पहाटेच मासळीच्या लिलावाला निघते, त्यामुळे मुलीला पाणी भरून, धाकट्यांचे आवरून केंद्रावर जावे लागते. शेजारच्या वस्तीत झाडूकाम, घरकाम, बिगारी करणाऱ्यांची मुले आहेत. तीही त्याच केंद्रावर त्याच बाकांवर बसतात. गणवेशाला मासळीचा वास असतो, चपलेला गटाराचा चिखल असतो. हा वास आणि चिखल पर्यवेक्षकाच्या नजरेत काय बनतो, यावर त्या मुलांचे तीन तास ठरतात.

केंद्राचे नाव घेण्याचे येथे प्रयोजन नाही, पण शिक्षक-खोलीत ऐकलेले एक वाक्य सांगणे आवश्यक आहे. ब्लॉक वाटताना यादीतल्या आडनावांवरून बोट फिरवत एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, ‘‘या ब्लॉकला जरा डोळ्यांत तेल घालून राहा, सगळी वस्तीतली मंडळी आहेत.’’ ते गृहस्थ दुष्ट नव्हते. वर्गात मन लावून शिकवत. पण पेपर अजून फुटलेला नव्हता, एकाही मुलाचा खिसा तपासलेला नव्हता, आणि पंचवीस मुले संशयित ठरली होती. कृपाचार्यांना कूळ विचारावे तरी लागले होते. आमच्या सहकाऱ्यांना ते यादीत वाचता आले.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. घरात कोणीही परीक्षा न दिलेल्या मुलाला उत्तरपत्रिकेचे पहिले पान हेच पहिले संकट असते. क्रमांक अंकांत कोठे, अक्षरांत कोठे, बारकोड कोठे चिकटवायचा, पुरवणी कशी बांधायची, चूक झाली तर खोडायचे की नाही, हे त्याला घरी कोणी सांगितलेले नसते. मध्यमवर्गीय मुलाला मोठी बहीण सांगते, शिकवणीचे सर सांगतात. आमच्या मुलाला ते सांगू शकेल असा माणूस त्या खोलीत एकच असतो. वाकून, आवाज न चढवता ‘‘घाबरू नकोस, येथे लिही’’ म्हणणारे पर्यवेक्षक मी विद्यार्थिदशेत पाहिले आहेत. त्यांनी मला एकही उत्तर सांगितले नाही, पण त्यांच्यामुळे मी उत्तर लिहू शकलो. नियमाच्या चौकटीत राहून माणुसकी दाखवता येते याचा तो पुरावा आहे, आणि म्हणूनच ‘नियमच तसा आहे’ ही सबब आपण मान्य करू नये.

४

आता नुकत्याच घडलेल्या एका प्रकरणाकडे वळू. महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाने जानेवारी २०२५ मध्ये बारावीची प्रवेशपत्रे दिली, तेव्हा त्यांवर विद्यार्थ्याचा जात प्रवर्ग छापलेला होता. टीका झाली. मंडळाने खुलासा केला की, शाळेच्या नोंदवहीतील प्रवर्गाची नोंद बरोबर आहे की नाही हे विद्यार्थ्याला वेळीच कळावे, शाळा सोडल्यावर दुरुस्ती होत नाही, म्हणून हा रकाना टाकला. पण काही दिवसांतच मंडळाने दिलगिरी व्यक्त केली, रकाना काढून टाकला आणि नवी प्रवेशपत्रे दिली. फेब्रुवारीत परीक्षा सुरू झाली.

प्रकरण मिटले, म्हणून ते विसरायचे काय? मला तसे वाटत नाही. मंडळाचा खुलासा खोटा होता असे मी म्हणत नाही. शिष्यवृत्तीपासून जात पडताळणीपर्यंत दाखल्यातली एक चूक मुलाला किती वर्षे छळते, हे आपण सारे जाणतो. परंतु नोंद तपासायची जागा शाळेची नोंदवही आहे. प्रवेशपत्र कोणासाठी असते? ते बाकावर उघडे ठेवायचे असते आणि रोज एका नव्या पर्यवेक्षकाने हातात घेऊन पाहायचे असते. ज्या कागदावर जात लिहिली तो कागद नेमका अशा माणसाच्या हाती जाणार होता, ज्याच्यापासून ती लपवण्यासाठीच क्रमांकाची सारी व्यवस्था उभी आहे. हा विचार कोणाच्याच मनात आला नाही, यातच या प्रकरणाचे गांभीर्य आहे. ज्याला आपल्या जातीमुळे कधी मान खाली घालावी लागलेली नाही, त्याला तो रकाना निरुपद्रवी वाटतो.

काही मित्रांचा आक्षेप असा की, तुम्ही आरक्षणासाठी जात सांगता आणि प्रवेशपत्रावर मात्र लपवता, हा दुटप्पीपणा आहे. हा आक्षेप वरवर तर्कशुद्ध दिसतो. आरक्षणाच्या अर्जावर जात सांगितली जाते ती हक्क मागण्यासाठी, सांगणाऱ्याच्या इच्छेने आणि कायद्याने नेमून दिलेल्या अधिकाऱ्याला. परीक्षेच्या बाकावर जात उघडी ठेवल्याने कोणता हक्क मिळतो? तेथे तिचा उपयोग एकच, पाहणाऱ्याची नजर बदलणे. आम्ही जात लपवत नाही. ती कोणी, कोठे, कशासाठी विचारावी हे ठरवण्यात आमचा वाटा मागतो.

शिवाय रकाना गेला तरी आडनाव राहिले. महाराष्ट्रात आडनाव हाही एक रकानाच आहे आणि तो वाचायला प्रशिक्षण लागत नाही. तेव्हा मंडळाने एक चूक दुरुस्त केली, म्हणून कृपाचार्यांचा प्रश्न संपला असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

५

येथे कॉपीचा प्रश्न उपस्थित होतो, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. पर्यवेक्षकाने सैल सोडावे, गरिबाच्या पोराला ‘मदत’ करावी, असा सूर आमच्यातही कधी कधी निघतो. मला तो आत्मघातकी वाटतो. कॉपीचाही एक बाजार असतो आणि बाजारात ज्याच्याजवळ पैसा त्याची चलती असते. खिडकीतून चिठ्ठी पोचते ती संस्थाचालकाच्या पुतण्याला, आगाऊ पेपर मिळतो तो महागड्या शिकवणीच्या मुलाला. मार्च २०२२ मध्ये बारावीचा रसायनशास्त्राचा पेपर मुंबईच्या पश्चिम उपनगरांत मोबाइलवर फिरला, तेव्हा अटक झाली ती खासगी शिकवणी चालवणाऱ्याला. रात्री रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केलेल्या मुलाला या बाजारात काही विकत घेता येत नाही. म्हणून प्रामाणिक, कडक पर्यवेक्षण ही आमची गरज आहे, आमच्यावरचे संकट नव्हे. नांदेडला जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांच्या काळात कॉपीमुक्तीची जी मोहीम झाली आणि ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून गाजली, तिचे मोल या दृष्टीने मान्य केले पाहिजे.

परंतु कडकपणा कोणाच्या वाट्याला येतो? महाराष्ट्रात परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध १९८२ पासून कायदा आहे. चिठ्ठी सापडलेला मुलगा पकडायला सोपा असतो, तो तेथेच बाकावर बसलेला असतो. वरचे सापडायला वर्षे लागतात. २०१९-२० च्या शिक्षक पात्रता परीक्षेत पैसे घेऊन नापासांना पास केल्याचे प्रकरण डिसेंबर २०२१ मध्ये उघड झाले, तेव्हा परीक्षा परिषदेच्या आयुक्तालाच अटक झाली आणि पुढे सात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. त्या उमेदवारांच्या खोल्यांतही पर्यवेक्षक फेऱ्या मारत होते, खिसे तपासत होते. गैरप्रकार खोलीत झालाच नव्हता. केंद्र सरकारच्या २०२४ च्या कायद्याने पेपर फोडणाऱ्यांना आणि उत्तरपत्रिकांत फेरफार करणाऱ्यांना तीन ते पाच वर्षांची, आणि संघटित गुन्ह्याला पाच ते दहा वर्षांची शिक्षा ठेवली. नजर वर वळू लागल्याचे ते चिन्ह आहे, पण खोलीतली नजर अजून खालीच आहे.

ती नजर किती खाली जाऊ शकते हे जमशेदपूरने दाखवले. ऑक्टोबर २०२२ मध्ये तेथील एका शाळेत कॉपीच्या संशयावरून पर्यवेक्षण करणाऱ्या शिक्षिकेने नववीतल्या मुलीला कपडे उतरवायला लावले. मुलीने घरी जाऊन स्वतःला पेटवून घेतले आणि काही दिवसांनी ती मेली. शिक्षिकेला अटक झाली. पण अटकेने प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. एका चिठ्ठीच्या संशयासमोर मुलीची लाज क्षुल्लक आहे, हे त्या बाईंना कोणी शिकवले? हे शिक्षण आपल्या समाजात फुकट मिळते.

या संदर्भात जानेवारी २०२५ मधील आणखी एक घटना विचारात घेण्याजोगी आहे. मंडळाने ठरवले की, केंद्रसंचालक आणि पर्यवेक्षक परीक्षा केंद्राच्या स्वतःच्या शाळेतले नसावेत, दुसऱ्या शाळांतून आणावेत. शिक्षक आणि मुख्याध्यापक संघटना खवळल्या. हा आमच्यावर सरसकट अविश्वास आहे, काही केंद्रांच्या पापासाठी सर्वांना चोर का ठरवता, असा त्यांचा सवाल होता. मंडळाने माघार घेतली आणि हा नियम पूर्वी गैरप्रकार आढळलेल्या केंद्रांपुरता ठेवला. शिक्षकांची मागणी न्याय्य होती. पुरावा असेल तेथे संशय घ्या, जमात म्हणून संशय घेऊ नका, हे तत्त्व त्यांनी मांडले आणि जिंकले. माझे म्हणणे एवढेच की, हे तत्त्व शिक्षक-खोलीच्या उंबऱ्यावर थांबू नये. सरसकट अविश्वासाने शिक्षकाला जे काही दिवस झोंबले, ते वस्तीतल्या मुलाला पहिलीपासून झोंबते आहे. त्याच्या बाजूने निवेदन द्यायला कोणती संघटना गेली?

६

पर्यवेक्षकाला दोष देताना त्याची स्थितीही पाहिली पाहिजे. तो स्वतः नजरकैदेत असतो. भरारी पथक, बैठे पथक, कॅमेरा या सर्वांची नजर त्याच्यावर असते. उभे राहून तीन तासांचे काम, मानधन नगण्य. महाविद्यालयांत हे काम बहुधा नव्या, तासिका तत्त्वावरच्या, कंत्राटी शिक्षकाच्या गळ्यात पडते. वरून दाब आला की माणूस तो खाली ढकलतो. उतरंडीचे हे शास्त्र बाबासाहेबांनी आपल्याला शिकवलेच आहे.

तरीही परीक्षेचे काम करणारा वर्ग दुबळा नाही. २०१३ मध्ये राज्यातील प्राध्यापकांनी आपल्या मागण्यांसाठी परीक्षेच्या कामावर ९६ दिवस बहिष्कार टाकला आणि सरकारला दखल घ्यावी लागली. वेतनाच्या, नेटसेटच्या त्या मागण्या गैर होत्या असे नाही. पण ज्या खोलीवर आपण बहिष्कार टाकू शकतो, त्या खोलीत काय चालते याविषयी आपल्या संघटनांनी ठराव केला पाहिजे की नको?

मी पुढील मागण्या चर्चेसाठी ठेवतो. बाकावरच्या प्रवेशपत्रावर छायाचित्र आणि बैठक क्रमांक पुरे. नावाची यादी केंद्रसंचालकाकडे राहावी. झडती घ्यायची तर दारात, सर्वांची, सारखी. पेपर सुरू झाल्यावर निवडक मुलांची नाही, आणि कपडे उतरवणे कोणत्याही कारणाने नाही. संशय आल्यास दुसऱ्या पर्यवेक्षकासमोर नोंद व्हावी, विद्यार्थ्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे आणि चौकशी पुरी होईपर्यंत त्याला नव्या उत्तरपत्रिकेवर पेपर लिहू द्यावा. पहिल्या पानाची माहिती समजावून सांगणे हा पर्यवेक्षकाच्या कर्तव्याचा लेखी भाग असावा. यांतल्या एकाही मागणीला सरकारी तिजोरीतून फारसा पैसा लागत नाही.

शेवटी एक गोष्ट आपल्या माणसांसाठी. आज आपल्यातले हजारो जण शिक्षक आहेत, प्राध्यापक आहेत, आणि परीक्षेच्या दिवसांत गळ्यात ओळखपत्र अडकवून त्याच खोल्यांत उभे आहेत. कर्णाच्या बाजूने जन्मलेली माणसे कृपाच्या जागी पोचली, हा इतिहासातला मोठा बदल आहे. पण जागा मिळाली म्हणून नजर आपोआप बदलत नाही. साहेब झालेला आपला माणूस पुष्कळदा साहेबाचीच नजर उसनी घेतो, आणि वस्तीतल्या पोरावर दुसऱ्यांपेक्षा जास्त डाफरतो, कारण आपण ‘त्यांच्यातले’ नाही हे त्याला सिद्ध करायचे असते. येत्या फेब्रुवारीत आपल्यापैकी प्रत्येकाच्या हातात पंचवीस प्रवेशपत्रे येतील. त्यांवरची आडनावे आपण कशी वाचतो, हे पाहायला तेथे कोणतेही भरारी पथक येणार नाही. ते आपले आपणच पाहायचे आहे.